आधी कागद, मग पाना

जुनी पेट्रोल फोर बाय फोर दारात आली की पहिला महिना कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात पंपावरच्या पावत्या बोलायला लागतात आणि मग कोणीतरी सुचवतं, "गॅस बसवून टाक." बसव, माझी ना नाही. पण पोरा, एक गोष्ट गाठीला बांध. गॅस गाडी सुधारत नाही. इंजिनात, वायरिंगमध्ये, कागदांत जे दुखणं लपलेलं असेल ते गॅसवर आल्यावर उघडं पडतं. म्हणून किटचा भाव विचारायच्या आधी पुढचं सगळं ऐक.

गाडीची जात ओळख

सातारा-सांगलीकडे अशा गाड्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या. पहिली जोंगा. जबलपूरच्या वाहन कारखान्यात 1969 पासून लष्करासाठी बनलेली, सहा सिलिंडरची, 3,956 सीसीची. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथे या गाडीचं वेड असणारच. दुसरी महिंद्राची जुनी सीजे-3बी, 2,199 सीसीच्या हरिकेन इंजिनाची. तिसरी जिप्सी. 1985च्या अखेरीस ती 970 सीसीची आली, 1996 मध्ये 1.3 लिटरची झाली आणि पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं.

तिघींना एकच किट चालत नाही. जोंगाला आणि जीपला मिक्सरचं साधं किट लागतं. इंजेक्शनच्या जिप्सीला प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं सिक्वेन्शियल किट लाव. तिथे मिक्सर लावून पैसे वाचवायला जाऊ नकोस, एका बॅकफायरमध्ये इनटेकची वाट लागते. लष्करातून आलेल्या गाडीचं वायरिंग 12 व्होल्टचं आहे की 24चं, हे मीटर लावून बघ. त्यानंतरच किट निवड.

हिशोब वहीत मांड

एक लिटर एलपीजीमध्ये एक लिटर पेट्रोलइतकी ताकद नसते. गाडी लिटरमागे वीस-पंचवीस टक्के कमी जाते. पेट्रोलवर पाच देणारी गाडी गॅसवर चार देईल असं धर. म्हणजे गॅसचा भाव पेट्रोलच्या तीन चतुर्थांशाच्या बराच खाली असेल तरच खिशात काही उरेल.

टाकीही पूर्ण भरत नाही. उन्हात द्रवरूप गॅस फुगतो, त्याला जागा हवी, म्हणून वाल्व्ह ऐंशी टक्क्यांवर भरणं आपोआप बंद करतो. साठ लिटरच्या टाकीत अठ्ठेचाळीस लिटर मावतो. चारच्या अॅव्हरेजने एकशे नव्वद किलोमीटर झाले. सातारा ते सांगली सव्वाशेच्या आसपास. जाऊन-येऊन एका टाकीत बसत नाही. तेव्हा ऑटो एलपीजीचा पंप तुझ्या नेहमीच्या वाटेवर आहे का ते आधी बघ. रिक्षावाल्यांना विचार. कुठला पंप चालू आहे आणि कुठे गॅस संपल्याची पाटी असते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

कागद

एलपीजीवर गाडी चालवायला 2000 सालच्या कायदा-दुरुस्तीने परवानगी मिळाली, पण कसंही बसवायला नाही. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि ती मान्यता ठरावीक गाड्यांसाठी, ठरावीक सीसीसाठी असते. मोठ्या इंजिनाची गाडी नेमकी इथे अडकते. फिटर म्हणेल, "बसतंय की!" तू म्हण, "प्रमाणपत्र दाखवा." त्यात तुझं मॉडेल आणि तुझी सीसी दिसली नाही तर नमस्कार करून बाहेर पड. पाना लागल्यावर भांडून उपयोग नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे हा गाडीतला बदल ठरतो आणि तो आरसीवर चढवावा लागतो. तुझी गाडी एमएच-11ची असेल तर साताऱ्यात, एमएच-10ची तर सांगलीत, एमएच-50ची तर कराडला जा. आधी आरटीओत विचार, मग गॅरेज गाठ. विमा कंपनीलाही लेखी कळव आणि पॉलिसीवर नोंद करून घे. नोंद नसलेल्या किटच्या गाडीला अपघात झाला तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी बाकी असेल तर ती आधी उरक.

इंजिन पेट्रोलवर घड्याळासारखं चालू दे

पेट्रोलवर मिसिंग मारणारी गाडी गॅसवर दुप्पट मारते. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते. प्लग, प्लग वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, पॉइंट नवे घाल. प्लगचा गॅप किट बनवणाऱ्याने सांगितला तेवढाच ठेव. महाबळेश्वर-पाटणकडे पावसाळा काढायचा असेल तर वायरींच्या टोप्यांत ओल शिरणार नाही याची काळजी घे. ओलीने ठिणगी चुकली की न जळलेला गॅस साचतो आणि पुढच्या ठिणगीला धडाम होतं. जत-आटपाडीकडे फिरणाऱ्याने एअर फिल्टरकडे बघावं. तो धुळीने गच्च झाला की हवा-गॅसचं प्रमाण बिघडतं आणि गाडी गॅस प्यायला लागते.

आता व्हॉल्व्हचं. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं. 2000 साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. गॅसमध्ये शिसं तर नसतंच, वर तो कोरडा जळतो. जुन्या मऊ सीटवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू खाली रुततो आणि टॅपेटचा गॅप मिटत जातो. म्हणून टॅपेट वाजायचे थांबले की खूश होऊ नकोस. पेट्रोलवर ते शांत इंजिन वाटेल, गॅसवर ती धोक्याची सूचना आहे. गॅप पूर्ण मिटला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं. कडक सीट घालून घेणं हा इलाज. जोंगाचं हेड काढून ते करता येतं. महिंद्राच्या हरिकेनमध्ये मात्र इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत. म्हणजे सीट बदलायला ब्लॉकच मशीन शॉपला न्यायचा. हा खर्च किटच्या खर्चात धरूनच निर्णय घे.

टाकी

टाकीवर एक पट्टी असते. ती बोटाने पुसून वाच. बनवणाऱ्याचं नाव, टाकीचा नंबर, लिटर, चाचणीची तारीख आणि आयएस 14899चा शिक्का. नंबर कागदाशी जुळला पाहिजे. दर पाच वर्षांनी टाकीची चाचणी असते. सेकंडहँड टाकी स्वस्तात मिळते म्हणून घ्यायची नाही. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर, त्यामुळे तिच्या जागी गोल टाकी बसवायची सोय नाही. लांबट टाकी आत घेतलीस की मागची बैठक गेली. टाकी चासीला पट्ट्यांनी आवळलेली हवी, नुसत्या पत्र्याला नको. वाल्व्हवर बंद डबी आणि डबीतून गाडीबाहेर जाणारी नळी हवीच. गॅसची नळी सायलेन्सरपासून लांब आणि दगड लागणार नाही अशी ओढून घे. चाळकेवाडीच्या पठारावर गाडी खडकाला घासते तेव्हा आधी मार खातं ते पोटाखालचं सामान.

पाणी

गॅस टाकीत द्रव असतो. रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते आणि ती होताना तो उष्णता ओढून घेतो. ही उष्णता इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते. रेडिएटरमध्ये पाणी कमी असलं किंवा होजमध्ये हवा अडकली, तर एप्रिलच्या उन्हात, अंगाला घामाच्या धारा लागल्या असताना, बॉनेट उघडल्यावर रिड्यूसरवर पांढरा बर्फ धरलेला दिसतो. गाडी गचके खाते आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात. आधी पाणी बघ. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन्‌तास रांगत जावं लागतं, तेव्हा हेच रेडिएटर इंजिन थंड राखतं. म्हणून कूलंट, थर्मोस्टॅट, फॅनबेल्ट आधी नीट करून घे. रिड्यूसरच्या तळाला तेलकट काळा गाळ साठतो, सर्व्हिसला तो काढून टाकायला सांग.

रोजची शिस्त

सकाळी पेट्रोलवर चालू कर आणि काटा वर आल्यावर गॅसवर घे. कार्बोरेटरच्या गाडीत स्विच थोडा वेळ मधल्या खुणेवर ठेव, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू दे, मग गॅस. अधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवरच चालव, नाहीतर पेट्रोलच्या बाजूचे डायफ्रॅम सुकतात. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची टाकी कधी कोरडी ठेवू नकोस, आतला पंप जळतो. पसरणी घाट चढताना जोर थोडा कमी वाटेल. गिअर वेळेवर खाली घे, अॅक्सिलरेटर दाबून धरू नकोस.

गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. वास आला की इंजिन बंद, दारं उघडी, टाकीचा हाताने फिरवायचा कॉक बंद. कुठलाही स्विच दाबायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो तळाला साठतो. म्हणून अशी गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या पिटवर उभी करू नकोस. गळती शोधायला साबणाचा फेस नटावर लाव, बुडबुडा धरला की तीच जागा. काडी ओढून बघणारा मिस्त्री दिसला तर गाडी उचलून आण.

2019 आणि 2021च्या पुरांत कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर चढलं ते तू पाहिलंस. पाण्यात बुडालेली गाडी गॅसवर चालू करायची नाही. वाल्व्ह, रिड्यूसर, वायरिंग तपासल्याशिवाय कॉक उघडू नकोस.

घरचा सिलिंडर नको

स्वयंपाकघरातला 14.2 किलोचा सिलिंडर उलटा करून मोटारीने गॅस ओढून देणारे भेटतील. तो गुन्हा आहे आणि बंद खोलीत केलेला असा कारभार स्फोटाला बोलावणं आहे. घरातल्या बायका-पोरांच्या जेवणाच्या सिलिंडरावर गाडी चालवणाऱ्याला माझ्या दारात जागा नाही.

आता निकाल ऐक. गाडी वर्षातून चार वेळा कासला आणि गडाच्या पायथ्याला न्यायची असेल तर गॅसच्या फंदात पडू नकोस. त्या पैशात इंजिनाचं काम कर आणि पेट्रोलवर मजेत फिर. रोज शेत-बाजार-घाट करायचा असेल, पंप वाटेवर असेल आणि प्रमाणपत्रात तुझी सीसी बसत असेल, तर आरसीवर नोंद करून खुशाल बसव. या तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तर बसवू नकोस.