अकरावीला प्रवेश घेण्याआधी ऑफिसात जाऊन बसा

पप्पा चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत शिफ्टवर जातात, आजोबा त्याआधी नगर जिल्ह्यातून पिंपरीला कामासाठी आलेले. मला डॉक्टर व्हायचंय म्हटल्यावर घरात आणि मंडळीत, अगदी पाळकसाहेबांसकट, एकच मत पडलं: मिशनचं ज्युनिअर कॉलेज. अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश झटकन झाला. वर्ग लहान, सिस्टर प्रिन्सिपल प्रत्येकाला नावानिशी ओळखायच्या.

कॉलेज वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. माझ्या मैत्रिणी ‘इंटिग्रेटेड’ला गेल्या. नाव एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, जर्नल कुणाचं तरी बघून उतरवायचं. मी मात्र कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्माइनमध्ये रंगवलं, स्लाइड दिव्यावर जराशी शेकली, कव्हरस्लिप अंगठ्यानं दाबली. आधी नुसता लगदा व्हायचा. मग एका स्लाइडमध्ये गुणसूत्रं पेशीच्या मधोमध ओळीनं लागलेली दिसली. मेटाफेज मला त्यानंतर पाठ करावा लागला नाही.

अडलं ते पुढे. कॉलेज विनाअनुदानित. बारावीच्या दिवाळीला बायोलॉजीच्या मॅडम एका क्लासला गेल्या. पगारातला फरक पाहता त्यांना कोण बोलणार? नवीन मॅडम मिळेपर्यंत केमिस्ट्रीचे सर पुस्तक वाचून दाखवत. नीटला 720 पैकी 360 गुण एकट्या बायोलॉजीचे असतात. म्हणून लहान कॉलेजात जाताना इमारत, शिस्त, निकालाचा फ्लेक्स हे सगळं नंतर बघा. बारावीला बायोलॉजी कोण शिकवणार आणि ती व्यक्ती इथं किती वर्षं आहे, एवढं आधी विचारा. उत्तर ‘बघू, अपॉइंटमेंट चालू आहे’ असं आलं तर बाहेरच्या क्लासची फी हिशेबात धरूनच फॉर्म भरा. बोर्डाला बालभारतीचं पुस्तक आणि नीटला एनसीईआरटीचं, ही दुहेरी तयारीही मग तुमची तुम्हालाच करावी लागते. बोर्डाकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत ठरलेले किमान गुण नसतील, तर नीटचा स्कोअर कितीही असो, उपयोग शून्य.

आमच्या समाजात एक गोड गैरसमज आहे, की मिशनच्या कॉलेजातून शिकलं की मिशनच्या मेडिकलला वाट सोपी होते. तसं काही नाही. अकरावीचा अल्पसंख्याक कोटा अकरावीतच संपतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी जागा आहेत, पण त्यासाठी तुमच्या चर्चची स्पॉन्सरशिप लागते आणि शिकून झाल्यावर ठरावीक काळ मिशन हॉस्पिटलात सेवा द्यावी लागते. अकरावी-बारावी कुठे केली, हे तिथे कामाचं नाही. शिवाय 29 एप्रिल 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू असल्याचा निकाल दिला. स्पॉन्सरशिपसाठी पाळकसाहेबांना बारावीच्या निकालानंतर नव्हे, खूप आधी भेटा.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. आमच्यासारखी बरीच कुटुंबं राज्यात ओबीसीत मोडतात, अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेली म्हणून. मेडिकलच्या प्रवेशाला जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, लागते. तिचा अर्ज प्राचार्यांच्या पत्रासह जात पडताळणी समितीकडे जातो. मोठ्या कॉलेजात त्यासाठी वेगळी खिडकी असते, नोटीस लागते. आमच्या ऑफिसात एकच क्लार्क; त्यांना हे पत्र काय असतं तेच ठाऊक नव्हतं. अर्ज उशिरा गेला, हाती पावतीच राहिली, आणि माझी गणना खुल्या प्रवर्गात झाली. आज मी बीएएमएस करतेय. आवडतं, पण तो मुद्दा वेगळा.

म्हणून प्रवेशाआधीच ऑफिसात जाऊन बसा आणि हे पत्र कोण देतं ते विचारा. कागद गोळा करायला अकरावीतच लागा. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘ख्रिस्ती’ होतं. मूळ जात सापडली ती पणजोबांच्या नोंदीत, गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. त्या नोंदीचा उतारा शिक्क्यासह लागतो, मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. आणि गावी जाण्याआधी हेडमास्तरांना फोन करा. दोनशिक्षकी शाळा असली की एक जण मीटिंगला गेलेला असतो आणि कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असते.