विराम कोणाचा? : ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाचे सीडी-संपादन

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह छापताना आपण पाठभेद नोंदवतो, वगळलेल्या जागी टिंबे देतो. त्याच ओव्या कॅसेटवरून सीडीवर आणताना मात्र खोकला, थांबणे, पुन्हा म्हटलेली ओळ हे सर्रास कापले जाते. छापील पानावर वगळलेली जागा दिसते. ध्वनीत कापलेली जागा ऐकणाऱ्याला कळतही नाही. म्हणून सीडीचे संपादन हेही पाठसंपादनच मानावे. त्या दृष्टीने पुढील टप्पे मांडले आहेत.

१. मूळ प्रत : कॅसेटची एकेक बाजू सलग संगणकात घ्यावी. ही फाइल हस्तलिखितासारखी; तिला हात लावू नये. मास्टरिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये क्लिप म्हणजे मूळ फाइलवर उघडलेली खिडकी असते. तिची कड आत सरकवली तरी आवाज पुसला जात नाही. कड पुन्हा ओढली की तो परत मिळतो.

२. कुठे कापावे : आलेखातली लहर मधल्या शून्यरेषेला छेदते तिथे कापावे, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो. दोन क्लिप जोडताना ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड बहुधा पुरतो. माइक आपटल्याचा आवाज काढायला हरकत नाही. पण ओळ दोनदा म्हटली असेल तर ती पुनरुक्ती ठेवावी. तेवढ्या अवधीत पुढची ओळ आठवते, जुळते आणि सोबतीण सूर धरते. जात्याची घरघर हा दोष समजून ती गाळली, तर ओवीची लय ज्या फेऱ्यावर उभी असते तो फेराच नाहीसा होतो.

३. मधली जागा : दोन क्लिपांमध्ये कोरी शांतता टाकली की आवाजाला भोक पडल्यासारखे वाटते. त्याच मुद्रणातला, कोणी गात नसतानाचा ४-५ सेकंदांचा तुकडा तिथे वापरावा. प्रत्येक क्लिप स्वतंत्रपणे कमाल पातळीला नेऊ नये. तसे केल्यास एकटीची ओवी आणि चौघींचा सूर सारखेच मोठे ऐकू येतात. आवाज वाढवायचाच तर सर्व क्लिपांना सारखी वाढ द्यावी.

४. ट्रॅकची सीमा : ऑडिओ सीडीत प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि एका सेकंदाच्या ७५ फ्रेम. म्हणजे एका फ्रेममध्ये ५८८ नमुने येतात. ट्रॅक फ्रेमच्या सीमेवरच सुरू होतो. सलग गाणे भलत्या जागी कापून वेगळ्या फाइली केल्या, तर अपुरी राहिलेली फ्रेम सहसा शून्यांनी भरली जाते आणि जोडावर हिसका बसतो. त्यापेक्षा सर्व क्लिपा एकाच पट्टीवर मांडून ट्रॅकच्या खुणा कराव्यात आणि तबकडी 'डिस्क-ॲट-वन्स' पद्धतीने लिहावी. एका सीडीत ९९ पर्यंत ट्रॅक मावतात.

५. वेळ आणि क्रम : कोरी सीडी साधारणतः ७४ किंवा ८० मिनिटांची असते, ९० मिनिटांची कॅसेट तिच्यात मावत नाही. विराम कापून दहा मिनिटे वाचवण्यापेक्षा दोन तबकड्या कराव्यात. माहेर, भाऊ, विठ्ठल असे विषयवार गट केल्यास अभ्यासाला सोयीचे होते; पण गाणारी माहेराच्या आठवणीतून पंढरीच्या वाटेला कशी लागली, हे मूळ क्रमच सांगतो. गट करायचेच असतील तर वेगळ्या तबकडीवर करावेत.

६. संपादन-नोंद : प्रत्येक क्लिपपुढे कॅसेटची बाजू, मूळ फाइलमधील सुरुवातीची व शेवटची वेळ, काय काढले आणि का, हे लिहावे. घरी लिहिलेली सीडी काळाने खराब होते. म्हणून मूळ वेव्ह फाइल आणि ही नोंद दोन वेगळ्या ठिकाणी जपावी. मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट एवढीच जागा लागते.

संग्रहातल्या कित्येक गायिका आज हयात नाहीत. त्यांना पुन्हा विचारता येणार नाही. त्या कुठे थांबल्या होत्या, हे पुढच्या अभ्यासकाला या नोंदीवरूनच कळेल.