हृद्धमनीविकारातील शोथ आणि कळलावी

हृद्धमनीविकाराचे कारण विचारले असता बहुतेक रुग्ण 'कोलेस्टेरॉल' हा एकच शब्द उच्चारतात, आणि आपल्यापैकी अनेकांचे विवेचनही तेथेच थांबते. वस्तुतः धमनीभित्तीत मेद साचणे ही संप्राप्तीची केवळ एक बाजू होय. रुडॉल्फ फिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकातच या विकृतीत शोथप्रक्रिया पाहिली होती. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी तिला शोथजन्य व्याधी म्हणूनच मांडले.

एलडीएलचे कण धमनीच्या अंतःस्तरात अडकतात व त्यांचे ऑक्सिडीकरण होते. त्यामुळे रक्तातील मोनोसाइट पेशी भित्तीत शिरतात, मेद गिळतात व फेनपेशी बनतात. कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांमुळे इंटरल्यूकिन-१ बीटा स्रवते, त्यामुळे इंटरल्यूकिन-६ वाढते आणि यकृतात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार होते. याच पेशींची विकरे मेदसंचयावरील तंतुमय आवरण झिजवितात. ते फाटले की त्यावर रक्ताची गुठळी जमते. म्हणूनच अँजिओग्राफीत किरकोळ अडथळा दिसलेल्या जागीही झटका येऊ शकतो.

येथे एक शब्दच्छल टाळावयास हवा. ग्रंथोक्त शोथ म्हणजे प्रामुख्याने सूज; वरील प्रक्रिया सुश्रुतोक्त व्रणशोथाला अधिक जवळची आहे. तेव्हा जे जे शोथहर ते ते हृद्य, असा निष्कर्ष काढता येत नाही. आधुनिक अनुभवही हेच दर्शवितो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने एलडीएल कमी न करताही हृद्घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटविल्या. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. मेथोट्रेक्सेट आमवातात उपयोगी असूनही हृदयासाठी २०१८ च्या चाचणीत निष्फळ ठरले. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके तर झटक्याचा धोका वाढवितात, आणि रोफेकॉक्सिब याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. शोथाचा कोणता मार्ग रोखला जातो, यावर सारे अवलंबून आहे.

आता आपल्याशी थेट निगडित द्रव्याकडे वळू. कॉल्चिसिन रोज ०.५ मिलिग्रॅम दिल्याने २०१९ व २०२० च्या मोठ्या चाचण्यांत हृद्घटना कमी झाल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्यास या कारणासाठी मान्यता मिळाली. २०२४ मध्ये झटक्यानंतरच्या सुमारे सात हजार रुग्णांत मात्र लाभ आढळला नाही. हेच कॉल्चिसिन आपल्या कळलावीच्या, म्हणजे लांगलीच्या, कंदात असते. यावरून 'आपल्याकडे हे औषध पूर्वीपासूनच आहे' असे म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो घातक आहे. लांगली ही उपविषांत गणली जाते. कंदागणिक कॉल्चिसिनचे प्रमाण बदलते, गोमूत्रातील शोधनानंतर किती अंश उरला हे मोजल्याखेरीज कळत नाही, आणि उपयुक्त व विषारी मात्रेतील अंतर अत्यल्प आहे. विषबाधेत प्रथम वमन-अतिसार, नंतर मज्जाक्षय व वृक्कनिकामी होणे, असा क्रम असतो.

मग वैद्याने करावे काय? आमवाताच्या रुग्णाचे केवळ सांधे पाहू नयेत. माधवनिदानात प्रवृद्ध आमवातात हृद्ग्रह सांगितला आहेच. आधुनिक निदानाच्या संधिवाताभ संधिशोथात हृद्धमनीविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो. अशा रुग्णाचा रक्तदाब, मेद व शर्करा तपासावी, तंबाखू सुटते आहे का ते विचारावे. छातीत दुखत असल्यास आधी ईसीजी करून त्वरित रुग्णालयात पाठवावे. चालू असलेले स्टॅटिन वा ॲस्पिरिन आपल्या सल्ल्याने बंद होता कामा नये. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ज्वर वा संसर्ग असताना मोजून उपयोग नाही. १० मिलिग्रॅम प्रतिलिटरहून अधिक आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे.

औषधविक्रेत्यांनी कळलावीचा कंद वा चूर्ण हृदयासाठी मागणाऱ्यास देऊ नये. रुग्ण कॉल्चिसिन घेत असेल, तर क्लॅरिथ्रोमायसिन सोबत जात नाही ना, हे चिठ्ठी पाहतानाच तपासावे. वृक्कविकार असलेल्यांत हा संयोग प्राणावर बेततो.