उचल, उचल१ आणि उचलखरी

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की लिंबागणेश लागतं, भालचंद्र गणपतीचं गाव. दसरा-दिवाळी उरकली की या भागातल्या टोळ्या ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्याआधी मुकादमांच्या वह्या उघडतात. अशाच एका मुकादमाचा, आबांचा, हिशेब आधी कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवून ठेवला होता आणि तो करणारा पुण्याला नोकरीला लागला होता. मागं राहिलेला कोड निस्तरायला माझ्याकडे आला.

पहिल्याच फाइलीत 'उचल', म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, भेटली. खाली 'उचल१', मग 'उचल२', 'उचलनवी', 'उचलफायनल' आणि सगळ्यांत शेवटी 'उचलखरी'. गंमत अशी की 'उचलखरी' कुठं वापरलेलीच नव्हती. सगळा कारभार 'उचल२'च्या जिवावर चालला होता.

आबा खुर्ची ओढून शेजारी बसले, चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आवं ताई, ह्यातली म्या कारखान्याकडून घेतल्याली कुनती, आन् गड्यास्नी दिल्याली कुनती?"

प्रश्न बिनतोड होता. कारखाना मुकादमाला देतो तीही उचल, मुकादम मजुराला देतो तीही उचल. आबांच्या वहीत पहिली देणं, दुसरी येणं. तोंडी बोलताना घोटाळा होत नाही, कारण कोण कुणाला सांगतोय ते समोर दिसतं. कोडमध्ये ते दिसत नाही. तिथं 'कारखान्याकडून उचल' आणि 'कोयत्याला दिलेली उचल' असंच ऐसपैस लिहावं. चार अक्षरं जास्त टाइप केल्यानं बोटं झिजत नाहीत.

पुढचा घोळ कोयत्याचा. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. कोडात 'संख्या' आणि 'एकूणसंख्या' असे दोन रकाने. एकात माणसं, दुसऱ्यात कोयते, आणि कशात काय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. छापील यादीत टोळी बरोबर दुप्पट निघाली. आबा खो खो हसले. "येवढे कोयते असते तर म्या मुकादमकी केली असती व्हय? कारखानाच काढला असता!" आकडा कशाचा आहे ते नावातच यावं: माणसं, कोयते, टन, खेपा. नुसती 'संख्या' लिहिणाऱ्याला अर्धा कोयता समजावा.

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची आपली सवय वेगळीच मजा करते. 'कपात' आणि 'कपाट' तिथं सारखेच दिसतात. कपात म्हणजे मजुरीतून वळती होणारी रक्कम, हे कळेपर्यंत मी मुकादमाच्या हिशेबात कपाटाचं काय काम, असा विचार करत बसले होते. अशा जागी शेजारी देवनागरीत एक ओळ लिहून ठेवावी, आजकालच्या सगळ्या एडिटरांत ती चालते.

नावांचा हा घोळ खेडवळ आहे असं मात्र कुणी समजू नये. पीएचपी या जगभर चालणाऱ्या भाषेत मजकुरातली अवतरणचिन्हं निर्धोक करून डेटाबेसकडे पाठवायला 'मायएसक्यूएल एस्केप स्ट्रिंग' होतं. ते जोडणीची अक्षरसंहिता बघत नसे, म्हणून पुढं आलं 'मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग'. म्हणजे आपली 'उचलखरी'च की! 2015च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी 7नं दोन्हींना नारळ दिला. जावात तर 'डेट' नावाचे दोन वर्ग आहेत आणि एक दुसऱ्याचा वारस. चुकीचा आयात केला की दिवसभर तारखा शोधत बसा. आणि वेबचा 'रेफरर' हा शब्द 1996 सालच्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात एक 'आर' गाळून छापला गेला. तोवर तो चुकीचाच रुळला होता; दुरुस्त करायला गेलं तर जगभरचे सर्व्हर अडतील, म्हणून आजही तसाच. तेव्हा स्पेलिंग तपासायचं ते आपल्या खोलीतच. बाहेर गेलेली चूक परत येत नाही.

'नवी' हा शब्द तर नावात घालूच नये. पुढच्या हंगामात ती जुनीच होणार, मग तिच्यापुढं 'अजूननवी' येणार. 'फायनल'चंही तेच. नावाच्या शेपटीला आकडा लावायचा मोह झाला की हात आखडून विचारावं, या दोघांत फरक काय? जो फरक सांगता येईल तेच नाव. सांगता येत नसेल तर दोनातलं एक बहुधा फुकट बसून आहे, ते काढावं. आबांच्या टोळीत तीन बाळू आहेत, पण त्यांच्या वहीत बाळू१, बाळू२ नाहीत. टेलर बाळू, घाटाखालचा बाळू आणि सोनारवाड्याचा बाळू आहेत. एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर कधी पडलेली नाही. नावं ठेवण्याआधी अशा माणसाजवळ तासभर बसून तो काय बोलतो ते जसंच्या तसं टिपून घ्यावं.

आणि सापडलेली नावं सापडल्या दिवशीच बदलायला धावू नये. ऐन हंगामात, पंधरवड्याची बिलं निघत असताना 'उचल२'ला हात लावलात तर फडावरून फोन येतील. आधी जुन्या हिशेबाची छापील प्रत काढावी, एकावेळी एकच नाव बदलावं, दोन्ही प्रती शेजारी ठेवून आकडे जुळवावेत आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. तेही पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून टोळ्या गावाला परतल्यावर.