ताब्याचा दावा : सोबतीला कोण हवे?

प्रश्न : पत्नी चार वर्षांच्या मुलाला घेऊन लातूरला माहेरी गेली, भेटू देत नाही. कोणाची मदत घ्यावी? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आधी वकील, तोही लातूरचा. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार अर्ज मूल सामान्यतः राहते तिथेच करावा लागतो.

पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते. गोव्यातील रॉक्सन शर्मा प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने आईला अंतरिम ताबा आणि वडिलांना भेटीचा हक्क दिला. त्यामुळे वाचकाच्या वकिलाने आधी भेटीच्या आदेशावर जोर द्यावा.

दुसरा बालमानसतज्ज्ञ, मुलाला पढवायला नव्हे, त्याची घुसमट ओळखायला. तिसरा मध्यस्थ, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावे. नाकारलेल्या भेटींच्या तारखा, संदेश वाचकाने स्वतःच जपावेत.