देणारा आणि घेणारा



मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दानधर्माविषयी शिकवतो. देताना गाजावाजा नको, आपल्याच दुसऱ्या हाताला त्याचा पत्ता नको, असे तो सांगतो. राखेच्या बुधवारी आपण हा उतारा दरवर्षी ऐकतो आणि देणाऱ्याच्या गर्वाचा विचार करतो. घेणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न बहुधा राहून जातो.

काही वर्षांपूर्वी धान्यवाटपाचे काम माझ्याकडे होते. मिस्सा संपली की मी यादीतली नावे मोठ्याने पुकारत असे. गोंधळ होऊ नये, एवढाच हेतू. एक विधवा बहीण पुढे आली, ज्वारीची पिशवी घेतली आणि त्यानंतर कित्येक रविवार चर्चमध्ये दिसलीच नाही. आम्हाला वाटले, मुलाकडे गेली असेल. ती घरीच होती.

आपल्या जिल्ह्याला घेणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होते. लोक उशिरा झोपले होते. सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांतील मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती व माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे गेली. ज्यांची कोठारे आदल्या रात्री भरलेली होती, तेही सकाळी ट्रकपुढे हात पसरून उभे राहिले. शेतकरी माणसाला ते किती जड गेले असेल!

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती घरमालकांनीच करायची होती. तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. सरकारी योजना घरोघर समजावून सांगणे, बांधकामावर लक्ष ठेवणे ही कामे त्यांनी केली. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही महिला तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या. कालपर्यंत घेणाऱ्या त्या, कोणीतरी त्यांना काम दिले म्हणून देणाऱ्या झाल्या. माझ्या मते पिशवीपेक्षा हे मोठे दान.

हे मला फार उशिरा उमगले. मी सिस्टरांना बरोबर घेऊन त्या बहिणीच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तिने चहा केला, घेतल्याशिवाय उठू दिले नाही. यादीचा विषय तिने काढला नाही. एवढेच म्हणाली, “भाऊ, नाताळच्या करंज्या लाटायला सगळ्या जणी जमतात. मला कधी कुणी बोलावलं नाही. माझा हात चांगला आहे.”

त्या वर्षी तिला बोलावणे गेले. यादी आता पुकारली जात नाही. दोघे-दोघे जण संध्याकाळी घरी जाऊन धान्य पोचवतात, आणि चहा पुढे आला तर नाही म्हणत नाहीत.