गाणे कोणाच्या मालकीचे?
मोबाईल, साऊंड सिस्टिम व बँड व्यवसायातील बांधवांसाठी

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचा देगलूर नाका, मोबाईलच्या लहान दुकानांनी आपल्या कितीतरी तरुणांना रोजी दिली आहे. कव्हर, चार्जर आणि दुरुस्तीच्या जोडीला या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असे. २०१६ साली जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्ड भरून घेणाऱ्यांची गर्दी ओसरली. तरीही ट्रॅक्टर, टेम्पो, ऑटो आणि डीजेवाल्यांसाठी पेनड्राईव्ह भरून देण्याचे काम अजून चालते.

दुकानदार म्हणतो, "इंटरनेटवर जे फुकट पडले आहे तेच मी भरून देतो. पैसे घेतो ते मेहनतीचे." कंपनी म्हणते, "माल आमचा, विक्री तुमची, ही उघड चोरी आहे." या वादात एकाची रोजी आणि दुसऱ्याचा हक्क गुंतलेला आहे. म्हणून हा प्रश्न व्यापाऱ्याच्या नजरेने नीट समजून घेतला पाहिजे.

वाद जुनाच आहे

आपल्या देशात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली सुरुवात झाली. त्यानंतर अनेक दशके ग्रामोफोन कंपनी, म्हणजेच एचएमव्ही, हीच या बाजाराची मालक होती. तबकडी महाग होती आणि खेड्यापर्यंत पोचत नव्हती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. पुढे आखाती देशांत कामाला गेलेल्या लोकांबरोबर टेपरेकॉर्डर घरोघर आले आणि हे चित्र पालटले. कॅसेटची नक्कल कोणालाही करता येई. त्यामुळे बनावट कॅसेटचा बाजार फोफावला.

याच काळात दिल्लीच्या गुलशन कुमार यांनी टी-सिरीज उभी केली. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची आणि स्वस्त कॅसेट किराणा व पानाच्या दुकानापर्यंत पोचवायची, ही त्यांची रीत होती. अशा 'व्हर्शन' कॅसेटसाठी त्यांनी कॉपीराईट कायद्यातील एका सवलतीचा आधार घेतला. जुन्या कंपन्यांनी त्यावर कोर्टकचेऱ्या केल्या. पुढे टी-सिरीज स्वतःच हजारो गाण्यांची मालक झाली, आणि आपली गाणी परवानगीशिवाय वापरली जातात म्हणून तिने इंटरनेटवरील मोठ्या कंपन्यांना कोर्टात खेचले. ज्याचे दुकान लहान असते त्याला मोकळीक हवी असते. गोदाम भरले की त्यालाच कुलूप लागते. व्यापारात हे नेहमीचेच आहे.

अमेरिकेतही असेच घडले. १९९९ साली नॅपस्टर नावाच्या सोयीमुळे लोक एकमेकांच्या संगणकातून फुकट गाणी घेऊ लागले. कंपन्यांनी दावा लावला आणि २००१ साली ते बंद पडले. पण लोकांची सवय काही गेली नाही. २००३ साली ॲपल कंपनीने एक गाणे ९९ सेंटला विकायला काढले, तेव्हा तेच लोक पैसे देऊन गाणी घेऊ लागले. नुसत्या खटल्याने ग्राहक परत येत नाही. वाजवी भावात, सोयीने माल मिळाला तर तो येतो.

एका गाण्यात तीन हिस्से

दुकानदाराची पहिली चूक इथे होते. गाणे त्याला एकच वस्तू वाटते. कायद्याच्या दृष्टीने त्यात तीन वेगळे माल आहेत: गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल, आणि ती ध्वनिमुद्रित करणाऱ्याचे रेकॉर्डिंग. त्याशिवाय गायकाचाही कलाकार म्हणून हक्क असतो. कापड दुकानातून घेतलेला शर्ट आपला झाला, तरी त्यावरचा छाप मारून नवे शर्ट विकण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. तसेच हे आहे. पेनड्राईव्ह तुमचा, पण आतले गाणे तुमचे नाही.

रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे "गाणे जुने आहे, आता कोणाचेच नाही" असे गृहीत धरू नये.

कायदा किती कडक आहे

१९५७ च्या कॉपीराईट कायद्यातील कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कमीत कमी ६ महिने व जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, तसेच ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यातील नफ्यासाठी केले नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकते. पण दुकानदाराने पैसे घेतलेले असतात, म्हणून ही पळवाट त्याच्या कामाची नाही. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये दिला. सांगायचे तर, दहा-वीस रुपयांच्या कामासाठी संगणक जप्त होऊन जामिनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

ग्राहकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. स्वतःच्या खाजगी वापराला कायद्यात काही सवलत आहे. तीच नक्कल पैसे घेऊन दुसऱ्याला करून देणाऱ्यास मात्र त्या सवलतीच्या आड लपता येत नाही.

दुकानदाराची बाजूही ऐका

दुकानदाराची तक्रार अगदीच खोटी नाही. किनवट किंवा औशाच्या लहान दुकानदाराने परवाना घ्यायचा ठरवले तर कोणाकडे जावे, हेच त्याला कोणी सांगितले नाही. शब्दांचा हक्क एकाकडे, रेकॉर्डिंगचा दुसऱ्याकडे, आणि वसुलीला तिसराच येतो. कंपन्यांच्या संघटनेने मोबाईलवर गाणी भरून देणाऱ्या दुकानांसाठी परवान्याची योजना काढली होती, पण आपल्या भागात त्याचे नाव ऐकलेले दुकानदार विरळाच. हक्क सांगणाऱ्याने परवान्याची वाटही सोपी करून द्यायला हवी होती.

तरीही वाट अवघड आहे म्हणून परक्याचा माल आपला होत नाही. जगभरच्या आलिमांच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे ठराव करून लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क हे किंमत असलेले हक्क मानले व त्यांचे उल्लंघन नाजायज ठरवले. "हा दीनी माल आहे, त्याला कसली परवानगी?" असे म्हणून नात शरीफ, बयान किंवा कव्वालीच्या सीडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. पढणाऱ्याने स्वतः इजाजत दिली असेल तर गोष्ट वेगळी.

लग्न, बँड आणि डीजे

बँडवाले व साऊंडवाले बांधव उगीच घाबरतात, आणि कधी कोणी त्यांना घाबरवतेही. कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक समारंभात गाणे वाजविणे हा हक्कभंग नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा त्यात समावेश आहे. केंद्र सरकारनेही जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे स्पष्ट केले. मात्र हॉटेलातील तिकिटाची पार्टी किंवा नववर्षाचा जलसा या सवलतीत येत नाही. तेथे परवाना आयोजकाने घेतला आहे का, हे सुपारी घेतानाच विचारावे.

आपल्या कलावंतांचे काय?

याच कायद्याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. उरुसात गाणारे कव्वाल, नात पढणारे तरुण, भीमगीते गाणारे कलावंत यांचा माल गावचा कोणीतरी रेकॉर्ड करतो, यूट्यूबवर चढवतो आणि पैसे तो घेतो. कलावंताला मिळते एक शाल आणि थोडेसे मानधन. २०१२ साली, गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत असताना, कायदा बदलला आणि गीतकार व संगीतकाराचा मोबदल्यातील हिस्सा पक्का झाला. हक्क लिहून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नये, मुदत आणि हिस्सा दोन्ही लिहून घ्यावेत.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. पैसे घेऊन गाणी भरून देणे बंद करावे. ग्राहकाला त्याच्याच मोबाईलवर अधिकृत ॲप चालू करून द्यावे व त्या कामाचे पैसे घ्यावेत.

२. दुकानाच्या जाहिरातीची रील करताना गाजलेले गाणे लावू नये. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन वेळा हक्कभंगाची नोटीस लागली तर चॅनेल बंद होऊ शकते.

३. हॉटेल, सलून किंवा दुकानात ग्राहकांसाठी गाणी वाजविणे हा खाजगी वापर नव्हे. वसुलीला कोणी आले तर हक्काचे कागद मागावेत, पावती घ्यावी, रोख देऊन मोकळे होऊ नये.

४. पोलीस कारवाई झाल्यास जप्तीच्या पंचनाम्याची प्रत घ्यावी व लगेच वकिलाचा सल्ला घ्यावा.

५. ज्यांच्याकडे चांगला माईक व संगणक आहे त्यांनी गावच्या कलावंतांचे रेकॉर्डिंग लेखी करार करून करावे.

यातील पाचव्या गोष्टीत खरा धंदा आहे. परक्याच्या गाण्याच्या नकला विकून आपले दुकान कायम चालणार नाही. हिस्सा ठरवून आपल्याच माणसाचे गाणे बाजारात आणले तर दोघांचीही रोजी चालेल, आणि दाराशी पोलीस आले तरी दुकान बंद करण्याची पाळी येणार नाही.